कोळी मुतलेला नाही, आधी सासूबाईंना डॉक्टरांकडे न्या

पत्र:

ताई, सप्रेम नमस्कार. आम्ही सांगलीला राहतो. घरात मी, हे, सासूबाई आणि दुसरीत शिकणारा मुलगा. परवा सकाळी सासूबाईंच्या मानेवर लांबट लाल चट्टा उठला. त्यावर बारीक बारीक पाण्याचे फोड आलेत आणि खूप आग होते आहे. आदल्या दिवशी रात्री ट्यूबलाइटखाली पोथी वाचताना मानेवर काहीतरी वळवळलं होतं, ते त्यांनी हाताने चोळून झटकलं. शेजारच्या काकूंनी बघताक्षणी सांगितलं, "कोळी मुतला." तेव्हापासून गेरूचा लेप चालू आहे. यांनी दुकानातून फवारा आणून सगळं घर मारून काढलं. आमच्या मुलाचा खिडकीत एक बारका कोळी होता, त्याच्याशी तो रोज गप्पा मारायचा. तो मेला म्हणून पोरगा जेवला नाही. मला विचारतो, "आई, कोळी खरंच मुततो का गं?" मला काही सांगता येईना. खरं सांगते, मलाही कोळ्यांची भीती वाटते. बाथरूममध्ये पंजाएवढा एक आहे, तो दिसला की मी बाहेरच्या बाहेर परत फिरते. मोबाइलवर आलं होतं की झोपेत माणूस वर्षाला आठ कोळी गिळतो. दुधात पाल पडली की विष होतं, हेही खरं का? आणि मुख्य म्हणजे हे सगळं सासूबाईंना कसं सांगू? त्या दत्तभक्त आहेत, दर पौर्णिमेला नृसिंहवाडीला जातात, मनाने फार चांगल्या. पण "आम्ही काय उगाच म्हणतो का?" म्हणाल्या की विषय तिथेच संपतो.
— सांगलीची एक सून

उत्तर:

प्रिय सूनबाई,

सासूबाईंना आजच डॉक्टरांना दाखवा, हे मी तुमचं पत्र वाचल्याबरोबर फोनवर सांगितलं आहे. त्यामागचं कारण इथे सविस्तर लिहिते, कारण हाच प्रश्न पावसाळ्यात घरोघरी पडतो.

तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे सासूबाईंना आठवलेला तो क्षण. रात्रीची वेळ, डोक्यावर ट्यूबलाइट, मानेवर काहीतरी वळवळलं आणि त्यांनी ते चोळून झटकलं. लगेच काही झालं नाही, आग दुसऱ्या दिवशी सुरू झाली. हे वर्णन एका भुंगेऱ्याशी तंतोतंत जुळतं. त्याचं शास्त्रीय नाव पेडेरस. लांबी जेमतेम पाऊण ते एक सेंटिमीटर, अंग सडपातळ. लांबून पाहिलं तर मोठी मुंगीच वाटते. डोकं काळं, मधलं अंग नारिंगी, त्यामागे निळसर काळे आखूड पंख, मग पुन्हा नारिंगी पोट आणि शेवटी काळं टोक. ओलसर जमीन, भातखाचरं, कुजका पाला ही त्याची जागा. पावसाळ्यात रात्री तो दिव्यावर येतो आणि दिव्याखाली बसलेल्या माणसाच्या अंगावर पडतो.

हा किडा चावत नाही आणि त्याला नांगीही नाही. अंगावरून नुसता चालत गेला तर सहसा काहीच होत नाही. पण त्याच्या अंगातल्या द्रवात पेडेरिन नावाचं दाहक द्रव्य असतं. किडा कातडीवर चिरडला की ते पसरतं आणि जसा हात फिरला तसा चट्टा उठतो. म्हणून तो गोल न येता लांबट, ओढल्यासारखा येतो. चिरडल्यावर साधारण 12 ते 48 तासांनी आग आणि फोड दिसू लागतात. इतका वेळ गेल्यावर आदल्या रात्रीचा किडा कोणाला आठवणार? सकाळी उठून वर पाहिलं तर कोपऱ्यात जाळं असतं आणि जाळ्यात कोळी असतो. आळ त्याच्यावर येतो. 2022 च्या जुलैत सिक्कीममधल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या शंभरेक विद्यार्थ्यांना याच भुंगेऱ्याने बेजार केलं होतं. तेव्हा बातम्यांमध्ये त्याला "नैरोबी माशी" म्हटलं गेलं. तो माशी नाही, पण तोच हा.

आता मुलाच्या प्रश्नाचं उत्तर. नाही, कोळी कोणाच्या अंगावर मुतत नाही. आपल्यासारखी पातळ लघवी त्याला नसतेच. अंगातला टाकाऊ भाग तो पांढरट, घट्टसर विष्ठेच्या रूपाने टाकतो. जाळ्याखाली भिंतीवर वाळलेले पांढरे-काळे ठिपके दिसतात ना, तेच. त्याने कातडीवर फोड येत नाहीत. हे त्याला जसंच्या तसं सांगा, दुसरीतल्या मुलाला ते नीट कळतं.

फोड आणि आग म्हटलं की आपल्याकडे दुसरं नाव येतं ते नागिणीचं, आणि डॉक्टरांकडे जायची घाई त्यासाठीच आहे. मी पत्रावरून निदान करणार नाही. मानेवरचा चट्टा भुंगेऱ्याचा असेल तर साबण-पाण्याने धुणं, थंड पाण्याच्या पट्ट्या आणि डॉक्टर देतील ते मलम, एवढ्यावर तो दोन-तीन आठवड्यांत बरा होतो. पण नागीण असेल तर वेळ महत्त्वाची. लहानपणी आलेल्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी वर्षानुवर्षं दबून राहतो आणि वय वाढलं, प्रतिकारशक्ती उतरली की पुन्हा डोकं वर काढतो, तीच नागीण. फोड येण्याआधीच त्या जागी ठणका लागतो आणि फोड शरीराच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखे येतात. विषाणूवरची गोळी फोड उठल्यापासून 72 तासांच्या आत सुरू झाली तर तिचा सर्वांत चांगला उपयोग होतो. ती संधी गेरू लावण्यात गेली तर फोड सुकल्यावरही महिनोन्महिने ठणका मागे राहू शकतो. कपाळावर, नाकावर किंवा डोळ्याजवळ फोड असतील तर एक तासही दवडू नये. आणि "नागिणीचा वेढा पूर्ण झाला की माणूस जातो" ही भीती मनातून काढून टाका. मणक्यातून निघणारी प्रत्येक नस आपल्याच बाजूच्या अर्ध्या अंगाला जाते, त्यामुळे तो पट्टा सहसा शरीराच्या मध्यरेषेशी थांबतो. नक्की काय आहे हे कळेपर्यंत फोड झाकलेले ठेवा. नागिणीच्या फोडांतल्या पाण्यामुळे, ज्याला कांजिण्या आलेल्या नाहीत अशा मुलाला कांजिण्या होऊ शकतात.

कोळ्यावर आळ घेतला तर बिघडलं काय, असं कोणाला वाटेल. बिचाऱ्या कोळ्याचं बिघडतं, हे तर आहेच. पण माणसाचंही बिघडतं, आणि कधी कधी जिवावर बेततं. मण्यारीचं उदाहरण घ्या. हा साप रात्री फिरतो, घरात शिरतो आणि जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेल्या माणसाला चावतो. दात बारीक असतात, चावा फारसा दुखत नाही, खूण बऱ्याचदा दिसतही नाही. माणूस पहाटे उठतो, पोटात दुखतं म्हणतो, उलटी होते. घरचे म्हणतात, काहीतरी किडा-कोळी चावला असेल, झोप जरा. मग पापण्या जड होऊन मिटू लागतात, घोट गिळता येत नाही, शब्द अडखळतात आणि श्वास थांबायची वेळ येते. पहाटेचं पोटदुखीचं दुखणं आणि मिटत जाणाऱ्या पापण्या एवढं दिसलं की खूण शोधत बसू नका. 108 ला फोन करा आणि जिथे सर्पदंशावरचं प्रतिविष आहे त्या रुग्णालयात थेट न्या. आवळून बांधणं, चिरा देणं, मंत्र घालणं यांतलं काहीही करायचं नाही. जमिनीवर झोपत असाल तर मच्छरदाणी गादीखाली नीट खोचून घ्या. इतका साधा उपाय, पण तो मण्यारीला अडवतो.

तसाच लाल विंचू. विंचू हा कोळ्याच्या नात्यातला, दोघांनाही आठ पाय. कोकणात या लाल विंचवाने किती घरांतली लेकरं नेली, ते तिथल्या जुन्या माणसांना विचारा. दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार पडणं ही त्याची लक्षणं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी खेड्यातल्या दवाखान्यात राहून या दंशाचा अभ्यास केला. 1982 मध्ये त्यांचं निरीक्षण 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, आणि रक्तदाबावरच्या प्राझोसिन या साध्या गोळीने हे मृत्यू कितीतरी कमी करता येतात हे त्यांनी दाखवून दिलं. मला हे मोठं वाटतं, कारण या माणसाने आधी नीट पाहिलं, कोणत्या प्राण्याने काय केलं ते ओळखलं आणि मग उपाय शोधला.

तुमच्या बाथरूममधल्या पंजाएवढ्या कोळ्याकडे येते. आपल्याकडच्या घरांत इतका मोठा, चपटा, तपकिरी आणि जाळं न विणणारा कोळी दिसला तर तो बहुतेक वेळा हेटेरोपोडा असतो. पाय पसरले की दहा सेंटिमीटरच्या घरात जातो. अंग इतकं चपटं की दाराच्या चौकटीमागच्या फटीत सहज सरकतो. दिवसभर तिथे बसतो आणि रात्री झुरळं धरतो. तुम्ही कधी त्याच्या छातीखाली पांढरट, चपटी, गोल चकती पाहिली आहे का? ती त्याची नव्हे, तिची. अंड्यांची पिशवी असते ती. मादी ती आठवडेच्या आठवडे पोटाशी धरून हिंडते आणि त्या काळात बहुधा खातही नाही. तुम्ही दिवा लावला की ती पळते तुमच्यापासून, तुमच्याकडे नाही. तिला नुसत्या हाताने धरू नका, घाबरली तर चावू शकते आणि ते दुखेल. पण त्यापलीकडे सहसा काही होत नाही. अगदीच नको असेल तर रुंद तोंडाचा डबा तिच्यावर पालथा घाला, खालून पुठ्ठा सरकवा आणि बाहेर अंगणात नेऊन सोडा. पहिल्या वेळी यांना करायला सांगा, तुम्ही दारात उभ्या राहून बघा. भीती अशीच थोडी थोडी उतरते, एका दिवसात उतरवायची काही जबरदस्ती नाही.

छताच्या कोपऱ्यात केसासारख्या लांबसडक पायांचा, बारीक अंगाचा दुसरा एक असतो. बोट लावलं की तो जाळ्यातल्या जाळ्यात इतका जोरात गरगरतो की दिसेनासा होतो. त्याची मादी अंड्यांचा पुंजका चक्क जबड्यात धरून बसते. डास, चिलटं आणि दुसरे कोळीसुद्धा हा खातो. हा जगातला सर्वांत विषारी कोळी, फक्त त्याचे दात माणसाच्या कातडीत शिरत नाहीत, असाही एक संदेश फिरतो. ते खोटं आहे. त्याचं विष सौम्य असतं.

आणि तुमच्या मुलाचा दोस्त. खिडकीत दिवसाउजेडी फिरणारा, आखूड पायांचा, केसाळ, मान वळवल्यासारखा सगळं अंग वळवून आपल्याकडे बघणारा. हा उड्या मारणारा कोळी. त्याचे आठपैकी पुढचे दोन डोळे मोठे असतात आणि त्यांनी तो खरोखरच आपल्याकडे पाहतो. पोराला तो गप्पा ऐकतोय असं वाटलं, त्यात नवल नाही. भिंग हाताशी असेल तर एकदा जवळून पाहा. झेप घेण्याआधी तो रेशमाचा धागा जागेवर चिकटवतो आणि मग उडतो. झेप चुकली तर त्याच धाग्याला लोंबकळतो आणि वर चढून येतो. झेपेचं बळ येतं ते पायांत जोराने सारलेल्या द्रवातून. कोळ्याच्या पायात काही सांधे सरळ करणारे स्नायूच नसतात. तो अंगातला द्रव पायांत दाबून पाय ताठ करतो. म्हणून कोळी मेला की तो दाब जातो आणि आठही पाय पोटाशी आखडतात. तुमच्या मुलाने खिडकीत आखडलेले पाय पाहिले असतील आणि त्यावरून ओळखलं असेल. पण एक सांगा त्याला. पाय, डोकं सगळं आहे, पण आतून पोकळ आणि फुंकरीने उडतं असं काही सापडलं, तर ते मेलेल्या कोळ्याचं शरीर नाही, कोळ्याने टाकलेली कात आहे. कोळी वाढताना कात टाकतो. खिडकीतला तसला असेल तर तो जिवंत असण्याची आशा आहे.

याच उड्या मारणाऱ्या कुळातल्या एका कोळ्याची ओळख 2021 मध्ये शास्त्रज्ञांनी जगाला करून दिली. तो सापडला ठाणे-कल्याणच्या परिसरात. त्याला नाव दिलं 'आयसियस तुकारामी', 26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यात कसाबला जिवंत पकडताना हुतात्मा झालेल्या तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ. शहरातल्या भिंतींवर आणि झाडांवर अजून नाव न मिळालेले प्राणी राहतात, हे कळल्यावर माझ्या वर्गातली मुलं मधल्या सुट्टीत भिंती बघत हिंडायची. तुमच्या मुलाला ही गोष्ट जरूर सांगा.

आठ कोळी गिळण्याच्या संदेशामागे कुठलंही संशोधन नाही. झोपलेला माणूस म्हणजे कोळ्याच्या दृष्टीने धपापणारा, गरम वाफ सोडणारा, घोरण्याने थरथरणारा डोंगर. कोळी कंपनं ओळखून जगतो, अशा जागेपासून तो लांब राहतो. रक्त पिण्यासाठीही तो आपल्याकडे येत नाही. सकाळी अंगावर लाल गांधी दिसल्या तर आधी गादीच्या शिवणीत ढेकूण बघा, घरात कुत्रं-मांजर असेल तर पिसवा बघा, आणि डास तर आहेतच.

विष मात्र जवळपास सगळ्याच कोळ्यांना असतं, हे लपवून ठेवू नये. जगात कोळ्यांच्या 50,000 हून अधिक जाती नोंदल्या आहेत. त्यांतल्या मोजक्याच माणसाला घातक. आपल्याकडे सह्याद्रीत झाडांच्या ढोलीत आणि दरडीतल्या बिळात राहणारे मोठे केसाळ कोळी आहेत. त्यांना काडीने डिवचायचं नाही, हातात तर घ्यायचंच नाही. त्यांतल्या काहींच्या चाव्याने स्नायूंत पेटके येतात. हे मुलालाही सांगा. कोळ्यावर माया करायची ती बघून, धरून नाही.

फवाऱ्याबद्दल यांच्याशी तुम्हालाच बोलावं लागेल. त्यांनी आईच्या काळजीपोटी केलं, ते चूक म्हणून मांडू नका. पण असा विचार करा, ज्या भुंगेऱ्याने हे केलं असावं तो राहतो बाहेर ओल्या मातीत आणि येतो दिव्यावर. घरभर मारलेल्या औषधाने मेले ते कोळी, जे घरातले डास-झुरळं खात होते. मार्टिन निफेलर आणि क्लाउस बिर्कहोफर या शास्त्रज्ञांनी 2017 मध्ये हिशेब मांडला, तेव्हा जगातले सगळे कोळी मिळून वर्षाला 40 ते 80 कोटी टन भक्ष्य खातात असं निघालं, आणि त्यात बहुतेक कीटकच. कोळी ठेवले म्हणजे डास संपतील असं मी म्हणणार नाही. डासांसाठी आठवड्यातून एकदा पिंपं, कुंड्यांखालच्या थाळ्या आणि कूलर कोरडे करावेच लागतात. भुंगेऱ्यासाठी मात्र खिडक्यांना बारीक जाळी बसवा, पावसाळ्यात पांढऱ्या दिव्याऐवजी मंद पिवळा लावा, आणि पोथी वाचायची बैठक दिव्याच्या अगदी खाली न ठेवता थोडी बाजूला घ्या. अंगावर किडा दिसला तर चोळायचं नाही. फुंकर मारायची किंवा कागदावर घ्यायचा, आणि ती जागा साबणाने धुवायची. तोच हात डोळ्याला लागता कामा नये. जळमटं खुशाल काढा. ती सोडून दिलेली जुनी जाळी असतात, धूळ धरलेली. राहतं जाळं स्वच्छ दिसतं, त्यातलं एखादं माळ्याच्या कोपऱ्यात राहू द्या.

पालीचं थोडक्यात. आपल्या घरातली पाल विषारी नाही. भारतातली कुठलीच पाल, सरडा किंवा सापसुरळी विषारी नाही, ती तांबूस शेपटीची चकचकीत सापसुरळीसुद्धा नाही. पण पाल पडलेलं दूध टाकूनच द्या, कारण तिच्या अंगावर आणि विष्ठेत साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात आणि त्यांनी जुलाब-उलट्या होतात. म्हणजे "ते दूध पिऊ नये" हा आजीबाईंचा नियम शंभर टक्के बरोबर आहे. कारण तेवढं वेगळं.

आणि याच धाग्यावरून सासूबाईंशी बोला. त्या उगाच म्हणत नाहीत. फोड खरे आहेत, आग खरी आहे, घरात कोळी आहे हेही खरं. मधली घटना रात्री घडली आणि कोणी पाहिली नाही, म्हणून ती जागा ऐकीव गोष्टीने भरली गेली. त्यांना "हे सगळं थोतांड आहे" म्हणालात तर त्यांनी आयुष्यभर डोळ्यांनी पाहिलेलं तुम्ही खोटं पाडताय असं त्यांना वाटेल, आणि त्यांचं दुखावणं रास्त असेल. त्याऐवजी त्यांना विचारा, "आई, त्या रात्री मानेवर काय वळवळलं होतं? रंग दिसला का?" त्यांची आठवण हाच इथला खरा पुरावा आहे. डॉक्टरांपुढेही तो त्यांनाच सांगू द्या. संध्याकाळी ट्यूबलाइटखाली पांढरं कापड पसरून ठेवलंत तर पावसाळी हवेत तो नारिंगी-काळा किडा कदाचित स्वतःच हजर होईल, मग त्यांचं त्यांनाच कळेल.

त्या दत्तभक्त आहेत, म्हणून आणखी एक. अवधूताने जे चोवीस गुरू केले, त्यांत कोळी आहे. आपल्यातूनच धागा काढतो, जाळं विणतो आणि पुन्हा गिळून टाकतो, म्हणून तो गुरू. चाकासारखं गोल जाळं विणणारे बरेच कोळी रोज जुनं जाळं खरोखर खातात आणि त्याच रेशमाचा माल वापरून नवं विणतात. ज्याने कोणी हे पहिल्यांदा सांगितलं, त्याने पहाटेच्या वेळी जाळ्यासमोर बसून ते पाहिलं असणार. सासूबाईंना ज्या कोळ्याची भीती घातली गेली, तो त्यांच्याच दैवताचा गुरू आहे, हे तुम्ही आठवण करून दिलीत तर त्या ऐकतील असं मला वाटतं.

त्याच चोविसांत भिंगुरटी आहे, म्हणजे आपल्या भिंतीवर, स्विचबोर्डामागे, देव्हाऱ्याच्या फळीखाली मातीचं घर करणारी कुंभारीण माशी. ती अळीला घरात कोंडते, अळी तिचं ध्यान करता करता तिच्यासारखीच होते, असं आपण लहानपणापासून ऐकतो. ध्यानाचा तो दृष्टान्त आपल्या जागी उभाच आहे, त्याला धक्का लावायचं कारण नाही. पण मातीच्या आत काय घडतं तेही पाहण्याजोगं आहे. काही जातींची माशी अळ्या आणते, काहींची कोळी आणते. नांगी मारून त्यांना लुळं करते, मारत नाही, म्हणजे ते ताजे राहतात. त्यांच्यासोबत एक अंडं घालते आणि तोंड लिंपते. अंड्यातून निघालेलं पिल्लू तो शिधा खाऊन वाढतं, कोश करतं आणि एक दिवस माती पोखरून माशी होऊन बाहेर पडतं. आत गेला कोळी, बाहेर आली माशी, हे पाहणाऱ्याने बरोबरच पाहिलं होतं.

तुमच्या घरात असं जुनं मातीचं घर असेलच. ज्याला बाहेर पडल्याचं गोल भोक आहे, तेच घ्या, बंद असलेलं राहू द्या. वर्तमानपत्रावर ठेवून नातवाला आणि आजीला मिळून चमच्याने हळूच फोडू द्या. पिल्लाने सोडलेल्या कोशाची तपकिरी साल निघेल, आणि माशी कोळी आणणारी असेल तर वाळलेल्या पायांचे तुकडेही. नातवाला म्हणावं, पाय मोज आणि आजीला सांग आत कोण होतं ते.